उरलेल्या एकाचं काय करायचं? मुलांना दुप्पट आणि निम्मं शिकवताना

तिसरीतल्या मुलाला ४८चं निम्मं विचारा. चोवीस, असं तो चटकन सांगेल. लगेच ३६चं विचारा. आता पुष्कळ मुलं थांबतात, आणि जी थांबत नाहीत त्यांच्यातली बरीच 'तेरा' म्हणून मोकळी होतात. हे तेरा उगाच कुठून तरी आलेलं नसतं. तीनचं निम्मं एक, सहाचं निम्मं तीन, शेजारी शेजारी लिहिलं की झाले तेरा. तीनचं निम्मं करताना एक उरला होता. त्याला कुठे ठेवायचं हे माहीत नव्हतं, म्हणून मुलाने तो सोडून दिला.

४८मध्ये चार आणि आठ दोन्ही अंक सम. तिथे काही उरतच नाही, त्यामुळे मुलाला खरंच समजलंय की नाही याचा पत्ताही लागत नाही. दुप्पट आणि निम्मं हा पहिली-दुसरीचा चिमुकला धडा समजून आपण तो घाईत उरकतो. माझं म्हणणं असं, की या धड्यातला खरा ऐवज त्या उरलेल्या एकात आहे. विषम संख्या टाळून शिकवलं तर तो हाती लागत नाही. म्हणून या लेखात सम संख्या थोडक्यात येतील आणि विषम संख्यांपाशी आपण जरा जास्त वेळ बसू.

एकी की बेकी

सम-विषम हे शब्द शाळेत येण्याच्या कितीतरी आधी मराठी घरांत एकी-बेकी होती. एकाने मूठभर चिंचोके मुठीत धरायचे, दुसऱ्याने सांगायचं, एकी की बेकी? मूठ उघडली की चिंचोक्यांच्या जोड्या लावायच्या. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर बेकी, एक जण एकटा उरला तर एकी. चार-पाच वर्षांचं मूल हा खेळ मजेत खेळतं, आणि सम-विषमची व्याख्या त्यात पूर्ण आलेली असते. चिंचोके नसतील तर राजमा, बटणं, शेंगदाणे, काहीही चालेल. फक्त वस्तू हाताने सरकवता यायला हव्यात.

इथे एक बारीक जागा आहे, तिच्यापाशी थांबायला हवं. बारा चिंचोके घ्या आणि मुलाला जोड्या लावायला सांगा. सहा जोड्या लागतील. एकेक जोडी उभी ठेवून त्या शेजारी शेजारी मांडा, म्हणजे वर सहा आणि खाली सहा अशा दोन ओळी दिसतील. आता विचारा, 'हे तुला नि ताईला सारखे वाटले तर प्रत्येकाला किती मिळतील?' बरीच मुलं काय करतात? ती मांडलेल्या सगळ्या जोड्या मोडतात, चिंचोके परत गोळा करतात आणि तुला एक, मला एक असं पहिल्यापासून वाटायला लागतात. वाटणी समोर तयार पडलेली असते, तरी त्यांना ती दिसत नाही.

मोठ्यांना जोड्या लावणं आणि दोन सारखे वाटे करणं ही एकच गोष्ट वाटते. मुलाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दोन-दोनचे गट किती झाले ते मोजायचं, दुसऱ्यात दोनच गट करायचे. दोन्हीकडे उत्तर सहाच येतं, कारण प्रत्येक जोडीतला एक तुझा आणि एक ताईचा. हे तोंडाने समजावण्यात अर्थ नाही. वरची ओळ बोटाने वर सरकवा, खालची खाली, आणि मुलाला बघू द्या. पुढच्या वेळी त्यालाच सरकवू द्या. 'जोड्या लागतात ती संख्या सम' आणि 'दोन सारखे भाग होतात ती संख्या सम' ही दोन वाक्यं एकच आहेत, हे त्याला त्या सरकवण्यात कळतं.

मग तेरावा चिंचोका आणा. तो ओळीच्या टोकाला बसेल आणि त्याच्याखालची जागा रिकामी राहील. ती रिकामी जागा झाकू नका, तिथे बोट ठेवायला लावा. विषम संख्या म्हणजे अशी एक जागा रिकामी असलेली मांडणी.

दुप्पट: प्रत्येकाला एक जोडीदार

'सात विषम आहे, मग त्याची दुप्पट सम येईल की विषम?' असं विचारलं की मुलांचा कौल बहुतेक वेळा विषमकडे जातो. उत्तर चिंचोक्यांवर सोडा. सात चिंचोके ओळीत मांडा आणि प्रत्येकाच्या खाली एक नवा ठेवा. दुप्पट करणं म्हणजे प्रत्येकाला जोडीदार देणं, मग एकटा राहणार कोण? म्हणून कोणत्याही पूर्ण संख्येची दुप्पट समच येते. हे एकदा पटलं की त्याची उलटी बाजूही मूल स्वतः बोलून दाखवतं: पंधरा ही कोणाचीच दुप्पट नाही, चौदा साताची आणि सोळा आठाची, पंधरा मध्येच लटकतोय. या लटकलेल्या पंधराकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

दहापर्यंतच्या दुपटी तोंडपाठ असायलाच हव्यात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बे एके बे, बे दुणे चार असा पाढा खडाखड म्हणणाऱ्या मुलाला मध्येच 'आठची दुप्पट?' असं विचारलं, तर ते पुन्हा बे एके बेपासून सुरुवात करतं. पाढा पाठ आहे, पण तो पायरी पायरीने चढायची सवय आहे. म्हणून दुपटी उलटसुलट विचाराव्यात, आणि प्रत्येक दुपटीबरोबर तिचं निम्मंही त्याच दमात: आठची दुप्पट सोळा, सोळाचं निम्मं आठ. अडलं तर हात आहेत. सात म्हणजे एक पंजा आणि दोन बोटं. दोन मुलांनी समोरासमोर सात-सात बोटं दाखवली की दोन पंजांचे दहा आणि वरची दोन-दोन मिळून चार. पाचापुढच्या प्रत्येक संख्येला ही युक्ती लागू पडते.

दोन अंकी संख्येला मात्र बोटं पुरत नाहीत, आणि इथली ठरलेली चूक म्हणजे २७ची दुप्पट ४१४. दोनाचे चार, साताचे चौदा, लिहून टाकले. या चुकीवर लाल शाईपेक्षा खेळातल्या नोटा आणि नाणी जास्त गुणकारी. दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची सात नाणी, असे दोन वाटे एकत्र करायला द्या. चार नोटा आणि चौदा नाणी होतात. त्यातली दहा नाणी देऊन एक नोट घेतली की पाच नोटा आणि चार नाणी, चोपन्न रुपये. ज्या मुलाने ही देवाणघेवाण स्वतः केली आहे, त्याला ४१४ बघून आपोआप खटकतं. शाळेत नोटांऐवजी दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या असतात. घरी पैसे बरे पडतात, कारण त्यात मुलाचा जीव असतो.

सत्तावीस आणि वीस सात

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा संख्यावाचनावरून राज्यभर वाद झाला होता. एकवीस-बावीस बिघडवताय, असा एका बाजूचा सूर होता. त्या वादात मला पडायचं नाही, पण दुप्पट-निम्मं शिकवताना दोन्ही वाचनं हाताशी असावीत असं मला मनापासून वाटतं. छप्पन हा शब्द ऐकून त्यात पन्नास आणि सहा आहेत हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याच्या कानाला तो अखंड शब्द आहे. निम्मं करायचं तर संख्या फोडावी लागते. 'छप्पन म्हणजे पन्नास आणि सहा' असं एकदा मोठ्याने म्हटलं की पुढचं काम सोपं होतं: पन्नासचे पंचवीस, सहाचे तीन, अठ्ठावीस. उत्तर परत नेहमीच्या शब्दात सांगायचं. फोडताना पन्नास सहा, बोलताना छप्पन.

आणि आपल्या संख्यानामांत एक आयती सोय आहे, तिचा फायदा फारसा कोणी घेत नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्दच सांगतात, की पुढच्या दशकाला एक कमी. मग एकोणतीसची दुप्पट करायला वीस आणि नऊ वेगळे कशाला करायचे? तिसाची दुप्पट साठ. प्रत्येक वाट्यात एक कमी होता, म्हणून साठातून दोन गेले, अठ्ठावन्न. इथे मुलं एकच वजा करून एकोणसाठ म्हणतात. तेव्हा त्यांना आठवण द्यायची, की दुपटीचं उत्तर एकोणसाठ, म्हणजे विषम, येईलच कसं? सम-विषमचा उपयोग हा असा, उत्तर तपासायला.

तिसरी नोट

आता मूळ प्रश्नाकडे, ३६च्या निम्म्याकडे येऊ. दहाच्या तीन नोटा आणि रुपयाची सहा नाणी दोन भावंडांत सारखी वाटायची आहेत. एक नोट तुला, एक मला. तीन-तीन नाणी दोघांना. मध्ये तिसरी नोट तशीच पडलेली.

इथे मोठ्या माणसाने गप्प बसावं. हे फार अवघड आहे, उत्तर आपल्या जिभेवर असतं. पण मुलाला त्या नोटेकडे बघत बसू द्या. कोणी म्हणेल, फाडायची का? कोणी म्हणेल, ती आईला देऊन टाकू. थोड्या वेळाने कोणाला तरी सुचतं, की सुट्टे आणायचे. दहाची नोट मोडली की पाचाची दोन नाणी येतात. एक इकडे, एक तिकडे. प्रत्येकाकडे दहा, पाच आणि तीन, म्हणजे अठरा.

उरलेल्या एकाचा ठावठिकाणा हाच. दशकाच्या घरात निम्मं करताना एक उरला, तर तो एक म्हणजे एक अख्खा दहा असतो. शेजारच्या एककाच्या घरात तो प्रत्येकाच्या वाट्याला पाच होऊन येतो.

म्हणून विषम दशकांच्या संख्यांना हात घालण्याआधी पाच निम्मी पक्की करून घ्यावीत: दहाचे पाच, तिसाचे पंधरा, पन्नासचे पंचवीस, सत्तरचे पस्तीस, नव्वदचे पंचेचाळीस. पन्नासचे पंचवीस मुलांना बहुधा आधीपासून येतात, सत्तर आणि नव्वद मात्र कुठे भेटलेले नसतात. ही पाच आली की ७४ म्हणजे पस्तीस आणि दोन, ९६ म्हणजे पंचेचाळीस आणि तीन, ५२ म्हणजे पंचवीस आणि एक. सगळं तोंडी होतं, कागद लागत नाही.

प्रत्येक निम्म्यानंतर दुप्पट करून ताळा घ्यायची सवय लावा. ३६चं निम्मं तेरा म्हणणाऱ्या मुलाला 'चुकलं' म्हणू नका, तेराची दुप्पट करायला सांगा. सव्वीस. आपल्याकडे किती होते? छत्तीस. मग दहा कुठे गेले? ते हरवलेले दहा म्हणजेच ती तिसरी नोट. स्वतःची चूक स्वतः अशी हुडकून काढली की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते शंभर बरोबर उत्तरांनीही येत नाही.

याच नोटेमुळे आणखी एक कोडं सुटतं. ३६ सम आहे की विषम, असं विचारलं तर काही मुलं तिनाकडे बघून विषम म्हणतात, आणि ६३ला सहामुळे सम ठरवतात. पुस्तकात नियम दिलेला असतो, एककस्थानी ०, २, ४, ६, ८ असेल तर संख्या सम. पण एककच का बघायचा? कारण दहाच्या नोटा कितीही असोत, प्रत्येक नोट पाच-पाचमध्ये मोडता येते. शंभराची पन्नास-पन्नासमध्ये मोडते. मोठ्या घरांतून कधीही न मोडणारं काही उरत नाही. अडचण आली तर ती शेवटच्या एका रुपयाचीच येते, म्हणून तेवढाच अंक तपासायचा. कारण कळलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

साताचं निम्मं

आता तो एकटा रुपया. एककाच्या घरातच एक उरला तर काय करायचं?

'विषम संख्येचं निम्मं होत नाही' हे वाक्य दुसरीच्या वर्गात सर्रास ऐकू येतं. कृपा करून ते टाळा. पुढच्या इयत्तांत अपूर्णांक आले की आपल्यालाच ते मागे घ्यावं लागतं, आणि तोवर ते मुलाच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. त्याऐवजी विचारावं, सात काय? सात भाकऱ्या असतील तर दोघांना साडेतीन-साडेतीन. सात मुलं कबड्डीच्या दोन संघांत वाटायची असतील तर तीन आणि चार, नाहीतर तीन-तीन आणि एक जण पंच. सात फुगे असतील तर सातवा कापून कोणाचंच भलं होणार नाही. गणित तेच, वस्तू बदलली की उरलेल्या एकाचं नशीब बदलतं. हा विचार मुलं फार आवडीने करतात, आणि त्यातून भागाकारात बाकी कधी ठेवायची आणि कधी फोडायची हे आपसूक कळत जातं.

रुपये घेतले तर थोडी अडचण होते. पूर्वी सात रुपयांचं निम्मं साडेतीन हे मुलाला पन्नास पैशांच्या नाण्यात बघायला मिळायचं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण बाजारात ते जवळपास दिसत नाही. आजच्या मुलाने रुपया मोडलेला पाहिलेलाच नाही. म्हणून अर्ध्यासाठी भाकरी, पोळी किंवा कागदाची लांब पट्टी घ्यावी. पट्टी उत्तम, कारण घडी घालून दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात का हे बघता येतं.

इथे मुलांना शब्दांची एक अडचण येते. साडेतीन, साडेचार, साडेपाच हे ओळीने येतात, पण त्याआधीचे दीड आणि अडीच रांगेत बसत नाहीत. दीड वाजला, अडीच वाजले हे मूल रोज ऐकतं, तरी दोन दीड मिळून तीन होतात हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. तीन भाकऱ्या दोघांत वाटून दीड दाखवा, पाच वाटून अडीच. तेवढं केलं की एकाचं निम्मं अर्धा, तीनचं दीड, पाचचं अडीच, सातचं साडेतीन, नवाचं साडेचार अशी माळ तयार होते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच असत. ते सगळे परत आणा असं मी म्हणणार नाही, साडेतिनाच्या औटकीचा आज मुलांना काही उपयोग नाही. पण निमकी वीसपर्यंत तरी यावी. ती घोकंपट्टीने नको, भाकऱ्या आणि पट्ट्यांवरून यावी.

लटकलेला पंधरा आता जागेवर बसतो. चौदाचं निम्मं सात, सोळाचं आठ, आणि पंधराचं या दोघांच्या बरोबर मधलं, साडेसात. पंधरा पूर्णच ठेवायचे असतील तर सात आणि आठ असे त्याचे वाटे होतात. प्रत्येक विषम संख्या अशी दोन शेजाऱ्यांची बेरीज असते. म्हणून सात अधिक आठ विचारलं की मुलाने बोटं मोजायची गरज नाही. साताची दुप्पट चौदा, वर एक.

मोठ्या विषम संख्यांनाही तीच रीत. ५७ फोडा, पन्नासचे पंचवीस, सातचे साडेतीन, साडेअठ्ठावीस. किंवा एक बाजूला ठेवा, छप्पनचे अठ्ठावीस, बाजूच्या एकाचा अर्धा, साडेअठ्ठावीस. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचणं मुलांना फार आवडतं. ७५ जरा तिखट आहे. सत्तरचे पस्तीस आणि पाचचे अडीच यांची बेरीज साडेसदतीस होते, आणि अडीच म्हणजेच 'दोन आणि अर्धा' हे ठाऊक असल्याशिवाय ती जमत नाही.

आता तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून दाखवा. सातचं निम्मं साडेतीन. सत्तरचं पस्तीस. सातशेचं साडेतीनशे. सातातून एक उरला, दर वेळी. सातशेत तो शंभर होता, दशकाच्या घरात पाच होऊन उतरला. सत्तरात तो दहा होता, एककाच्या घरात पाच झाला. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हे शब्द आपण किराण्याच्या दुकानात दिवसभर वापरतो. अर्धा किलो म्हणजे पाचशे ग्रॅम, त्याचं निम्मं अडीचशे ग्रॅम, हे मुलाला पिशवीवर वाचता येतं. पुढे दशांश अपूर्णांक येतात तेव्हा सातचं निम्मं ३.५ असं लिहिलं जातं, आणि टिंबापलीकडचं ते पाच बघून मूल बिचकत नाही. उरलेला एक उजवीकडच्या घरात पाच होऊन जातो हे त्याला दुसरीपासून माहीत असतं. फक्त आणखी एक घर उजवीकडे बांधलं, एवढाच फरक.

एवढं करून हाती काय लागतं?

चारने गुणायचं तर दुपटीची दुप्पट: २३चे ४६, ४६चे ९२. पाचने गुणायचं तर दहापट करून निम्मं: तेराची दहापट एकशे तीस, निम्मं पासष्ट. सोळा गुणिले पंचवीस बघा. एकाचं निम्मं आणि दुसऱ्याची दुप्पट केली तर गुणाकार तोच राहतो, म्हणून आठ गुणिले पन्नास, चार गुणिले शंभर, चारशे.

ही विद्या फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सुमारे इ.स.पू. १५५०मध्ये अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवून काढलेला, आज ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखला जाणारा गणिताचा दस्तऐवज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातले गुणाकार दुपटी करत करत केलेले आहेत. त्याचाच एक भाऊबंद प्रकार रशियन शेतकऱ्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि तो तिसरी-चौथीच्या मुलांना करून दाखवण्यासारखा आहे. १३ गुणिले २४ घ्या. डावीकडे १३ची निम्मी करत जायचं, उरलेला एक सोडून: १३, ६, ३, १. उजवीकडे २४च्या दुपटी: २४, ४८, ९६, १९२. डावीकडे सम संख्या असलेली ओळ खोडायची, म्हणजे ६ आणि ४८ची. बाकीच्या उजवीकडच्या संख्या मिळवायच्या: २४ अधिक ९६ अधिक १९२, बरोबर ३१२.

हे चालतं कसं? तेरा वेळा चोवीस म्हणजे सहा वेळा अठ्ठेचाळीस आणि एक चोवीस उरला. तो उरलेला चोवीस आपण पहिल्या ओळीत जपून ठेवला. पुढे सहा वेळा अठ्ठेचाळीस म्हणजे तीन वेळा शहाण्णव, काही उरलं नाही, म्हणून ती ओळ खोडली. विषम ओळ म्हणजे जिथे एक उरला ती ओळ. शेवटी आपण सगळ्या उरलेल्यांची बेरीज करतो.

आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे कवितेच्या वृत्तांवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, याच्याशी नातं सांगणारी रीत आहे. सहा अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकतं, तर एकूण प्रकार किती? त्यासाठी दोनाचा सहा वेळा गुणाकार हवा. पिंगलाची रीत अशी: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक कमी करा, शून्य होईपर्यंत. सहाचे तीन, तीनचे दोन, दोनाचा एक, एकाचं शून्य. मग एकापासून सुरुवात करून उलट्या वाटेने परत या. जिथे एक कमी केला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मं केलं होतं तिथे आलेल्या संख्येला त्याच संख्येने गुणा. एकाचे दोन, दोन दुणे चार, चाराची दुप्पट आठ, आठ आठे चौसष्ट. सम आणि विषम यांना वेगळी वागणूक देण्यावर ही सगळी रीत उभी आहे.

मुलं या टप्प्याला आली की त्यांना एक खेळ द्या. कोणतीही संख्या घ्यायची आणि निम्मी करत जायचं, विषम संख्या आली की थांबायचं. शंभर घेतले तर पन्नास, पंचवीस, आणि संपलं. दोनच उड्या. ९६ घेतले तर ४८, २४, १२, ६, ३, अशा पाच. शंभर मोठे असून इतक्या लवकर का अडकले, हा प्रश्न मुलंच विचारतात. मग त्यांना शंभरच्या आत सगळ्यात जास्त उड्या मारणारी संख्या शोधायला सांगा. काही जण वरून शोधत येतील, ९८, ९६, ९४. कोणीतरी हुशारीने एकापासून दुपटी करत वर जाईल: १, २, ४, ८, १६, ३२, ६४.